दिवाळीच्या आधी डेकला तेल लावू नका : नागपुरात लाकूड धुण्याच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपूरला दमट हवा कुठे आली, असं बाहेरचे लोक विचारतात. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, हे खरं आहे. पण जूनच्या मध्यापासून चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते, आणि लाकडाला खरा त्रास होतो तो या दोन टोकांमधल्या येरझाऱ्यांचा. पावसाळ्यात फुगायचं, थंडीत आकसायचं, मेमध्ये तडकायचं. कोकणातलं लाकूड वर्षभर ओलसर असतं, आपलं लाकूड दोन्हीकडून मार खातं. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून शिकलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावली की काम फसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या धंद्यात धुणं सोपं आहे. कुंपण किंवा डेक (घराबाहेर उघड्यावर बांधलेला लाकडी फळ्यांचा ओटा) धुतल्यावर तो सोन्यासारखा दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि नव्या माणसाचे पैसे बुडतात ते त्यानंतरच्या दिवसांत. हे सगळं लिहायला बसलो ते त्या दिवसांसाठी.

आपल्याकडे काम येतं ते सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचं, काटोल रोड, हिंगणा, उमरेड रोडकडच्या फार्महाउसचं, आणि ताडोबा-पेंचकडच्या रिसॉर्टचं. लाकूड बहुतेक सागवान, हल्ली आयात केलेलं पाइनही दिसतं. प्रेशर वॉशर चालवता येतो, सागवान आणि पाइन डोळ्यांनी ओळखता येतं, एवढं तुम्हाला येत असेल असं धरून चालतो.

करडा पडलेला डेक म्हणजे सडलेला डेक नव्हे, हे गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच समजावा. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा घटक, तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागे सेल्युलोजचा, म्हणजे नुसत्या तंतूंचा, फिका थर राहतो आणि त्यात बुरशी बसली की तो करडा-काळा दिसतो. हा थर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. खाली चांगलं लाकूड शाबूत असतं. सूचिपर्णी झाडांचं मऊ लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं. वॉशर चुकीचा धरून तुम्ही त्याचा १ मिलिमीटर उडवलात, तर सोळा-सतरा वर्षांची झीज एका दुपारी केलीत.

डाग ओळखायला शिका. सावलीच्या बाजूचं हिरवं ते शेवाळ. काळे ठिपके बहुधा बुरशी. त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका, मिनिटा-दोन मिनिटांत फिके पडले तर बुरशी, नाहीतर धूळ किंवा लोखंड. खिळ्याखाली ओघळलेली निळसर-काळी रेघ म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची प्रक्रिया. ती ब्लीचने कधीच जाणार नाही, तिला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच लागतं. आणि याच कारणासाठी लोखंडी तारेचा ब्रश सागवानाला लावायचा नाही. तारेचे बारीक कण रेषांमध्ये अडकतात आणि पहिल्या पावसात सगळा डेक काळ्या ठिपक्यांनी भरतो. नायलॉनचा ब्रश घ्या.

माझी पद्धत साधी आहे. सोडियम परकार्बोनेट, लिटरला ५० ते ६० ग्रॅम, कोमट पाण्यात. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, तो मळ आणि मेलेले तंतू सैल करतो. पंधरा-वीस मिनिटं लाकडावर ओलं राहिलं पाहिजे. ते इथल्या उन्हात पाच मिनिटांत वाळतं, म्हणून उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते नऊ एवढंच, आणि वरून हलकं पाणी शिंपडत राहायचं. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, कॅनमध्ये झाकण घट्ट लावून ठेवू नका, आतला वायू फुगून कॅन फुटतो. मग ब्रश, मग भरपूर पाणी, मग लिटरला साधारण ३० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. त्याने सोड्याचा अल्कलीपणा मारला जातो, लोखंडाचे डाग जातात आणि सागवानाचा रंग उघडतो. पुन्हा भरपूर पाणी. हे अ‍ॅसिड विषारी आहे, हातमोजे आणि गॉगल हवेतच, भुकटी ओतताना तोंडावर मास्क हवा.

ब्लीच आणि कोणतंही अ‍ॅसिड एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि त्याने माणूस मरू शकतो. एका बादलीत ब्लीच, धुतली न धुतली, मग त्याच बादलीत अ‍ॅसिड, असं हेल्पर करतात. बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, हेल्परला स्वतः समजावून सांगा, ऐकत नसेल तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड डेकवर ओतून 'एका मिनिटात चकाचक' करणारेही आहेत. त्याने स्क्रूची डोकी गंजतात आणि वर्षभरात तोच डेक काळा होऊन तुमच्याकडे येतो. आधीच्या माणसाने काय ओतलं होतं, हे गिऱ्हाइकाला विचारायची सवय लावा.

प्रेशरबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. गाड्या धुणारा माणूस लाकूड धुवायला घेऊ नका. त्याच्या हाताला घाई असते. पाइनला ५०० ते ६०० पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं एकक), चांगल्या सागवानाला फार तर १२००. नोझल ४० अंशांचं पसरट, लाकडापासून फूटभर लांब, रेषेच्या दिशेने, हात थांबता कामा नये. काम केमिकलने करायचं, पाण्याने फक्त मळ वाहून न्यायचा. जोर लावलात की तंतू उचलले जातात, तूस उभं राहतं, मग ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर मारत बसावं लागतं, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

एवढं केलं की डेक सुंदर दिसतो. आता तो सापळा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन सुरू होतात. ताडोबाचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, १ ऑक्टोबरला गेट उघडतं, रिसॉर्टवाल्यांना त्याच्या आत डेक चकचकीत हवा असतो. मग फार्महाउसवाले, त्यांना दिवाळीआधी. आणि ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला फसवायला तयार असतं. धुतल्यावर दोन दिवसांत फळी हाताला कोरडी लागते, चटका बसेल इतकी गरम होते. मी तेव्हा एका ठेकेदाराच्या हाताखाली होतो. काटोल रोडकडे एका फार्महाउसचा सागवानी डेक आम्ही धुतला होता. मी म्हटलं, अजून थांबू या. तो म्हणाला, "हात लावून पाय ना, कोरडंच हाये. दिवाळी का थांबून राह्यली आपल्यासाठी?" वरून पॉलियुरेथेनचे, म्हणजे लाकडावर घट्ट फिल्म बनवणाऱ्या पॉलिशचे, दोन हात मारले. संक्रांतीपर्यंत फोड आले, पोपडे सुटले, आणि पोपड्याखाली लाकूड काळं पडलं होतं. सगळं खरवडून परत केलं. त्या परत केलेल्या कामाची मजुरी मला मिळाली नाही, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न त्या महिन्यात मला रोज पडायचा.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण 'लाकूड ओलं होतं' एवढ्याने तुमच्या लक्षात राहणार नाही. ऊन फळीचा वरचा एक-दोन मिलिमीटर थर वाळवतं. तळहाताला कळतो तेवढाच. चार महिने पाऊस खाल्लेल्या फळीच्या मधोमध २०-२५ टक्के ओल सहज असते. त्यात आपल्याकडे डेक बहुधा जमिनीपासून वीतभर वर, आणि खाली काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते. वरून भेगाळलेली दिसली तरी खाली ओल असते, आणि तिची वाफ फळीच्या खालच्या बाजूला लागत राहते. म्हणजे वरून ऊन वाळवतं, खालून माती भिजवते. तुम्ही वर घट्ट फिल्म मारली की आतल्या ओलीला बाहेर पडायची वाट बंद. दुपारी फळी तापते, आतल्या पाण्याची वाफ होते, ती फिल्मला खालून ढकलते, म्हणून फोड. ओल आणि ऊब दोन्ही बंदिस्त, म्हणून बुरशी. लाकडात ओल सतत २० टक्क्यांच्या वर राहिली की कुज धरायला जागा मिळते. डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली की फळी आकसते, फिल्म तेवढी आकसत नाही, फळीच्या कडांना ती फाटते, आणि मावठा आला की पाणी त्या फटीतून पुन्हा आत. एका चुकीच्या आठवड्याने चार प्रकारचं नुकसान होतं.

तर हातावर भरवसा ठेवू नका. दोन टोच्यांचा मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल टक्क्यांत दाखवणारा मीटर, घ्या. पहिली कमाई आली की वॉशरच्या आधी मीटर घ्या. वॉशर भाड्याने मिळतो, आणि मीटर त्याच्या मानाने फार स्वस्त आहे. टोच्या रेषेच्या दिशेने रोवायच्या, पाच-सहा मिलिमीटर आत. एका जागी बघून खूश होऊ नका. उन्हातल्या मधल्या फळीवर १२ येईल, तिला सोडा. सावलीच्या बाजूची फळी, फळीचं कापलेलं टोक, खालची बाजू, कुंपणाच्या खांबाचं बूड, या चार जागा बघा. सगळीकडे १५ च्या खाली आल्याशिवाय ब्रश उघडायचा नाही. कापलेल्या टोकातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून तिथला आकडा सगळ्यात शेवटी उतरतो. मीटरमध्ये लाकडाच्या जातीची दुरुस्ती असेल तर सागवानासाठी ती लावा.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. सोडा किंवा ब्लीच नीट धुतलं गेलं नसेल तर लाकडात उरलेल्या क्षारांमुळे मीटर जास्त ओल दाखवतो. आठवडाभर आकडा हलतच नसेल तर आधी पुन्हा पाण्याने धुऊन बघा. मीटर नसेल तोवर रात्री फळीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आत दव दिसलं तर थांबा. दव दिसलं नाही म्हणून घाई मात्र करू नका, ही चाचणी फक्त 'नाही' सांगण्यापुरती भरवशाची आहे.

घाबरू नका, कामं बुडत नाहीत. मी आता सप्टेंबर-ऑक्टोबरचे फोन दोन भागांत घेतो. दिवाळीआधी धुणं आणि ऑक्झॅलिक, म्हणजे पाहुण्यांना डेक स्वच्छ दिसतो. तेल नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून, मीटर सांगेल तेव्हा. कोटेशनमध्ये दोन्ही रकमा वेगळ्या लिहायच्या, आणि 'ओल १५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच' हे वाक्य सहीच्या वर. धुण्याचे पैसे धुऊन झाल्यावर लगेच घ्यायचे. "दिवाळीपर्यंत होऊन जाईल ना जी?" असं विचारलं की मीटर त्यांच्याच हातात द्यायचा, त्यांच्याच फळीत रोवायला सांगायचा. आकडा स्वतः बघितलेला माणूस भांडत नाही. काही गिऱ्हाइकं तरी जातात. जाऊ द्या. ती परत येतात असं मी म्हणणार नाही, काही येत नाहीत, आणि त्या महिन्यात भाड्याचा हिशेब जुळवताना वाईट वाटतं.

उघड्यावरच्या डेकला फिल्म बनवणारं पॉलिश मुळात नकोच, हे माझं ठाम मत आहे. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेल वापरा. रंगातले कण ऊन अडवतात, आणि तेल फिकं पडलं तरी पोपडे निघत नाहीत, धुऊन वरून पुन्हा हात मारता येतो. कापलेल्या टोकांना दोनदा-तीनदा पाजा.

शिकायचं कोणाकडून? रंगकाम करणारे तुम्हाला 'एक हात प्रायमर' सांगतील, केमिकल विकणारा केमिकल सांगेल. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, एखाद्या म्हाताऱ्या सुताराजवळ बसा. फळी हातात घेऊन आतलं पक्कं लाकूड कुठे संपतं आणि सालीजवळचं पांढुरकं लाकूड कुठे सुरू होतं, हे तो दाखवेल. तेच पांढुरकं लाकूड आधी सडतं आणि वाळवीही तिथेच आधी लागते. एवढं कळलं की कुंपणाची कुठली पट्टी धुवायची आणि कुठली बदलायची हे सांगता येतं. सडलेल्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर रुतला की धुण्याचं बोलूच नका, बदलायला सांगा.

सिव्हिल लाइन्समधली जुनी फाटकं आणि कठडे घेताना मात्र सावध. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता धरा. कोरडं घासायचं नाही, मशीन लावायचं नाही, ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरून सगळे पोपडे गोळा करायचे, आणि त्या घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दिवशी दुसरीकडे ठेवायला सांगायचं. कामाचे कपडे स्वतःच्या घरात इतर कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

पावसाळ्यात घरी बसावं लागतं असंही नाही. शेवाळाने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि स्विमिंग पूलच्या कडेचे डेक जुलै-ऑगस्टमध्येच धुवायला हवेत, लोक घसरून पडतात. फक्त तेलाचा डबा गाडीत घेऊन जाऊ नका. गिऱ्हाईक म्हणतं "आणलंच आहे तर मारून द्या", आणि तेव्हा नाही म्हणणं फार कठीण जातं.