काच, रंग आणि शाई: रोज थोडं थोडं प्रयोग करायचे कसे

सगळ्यात आधी एक काच कायमची टेबलावर मांडून ठेवा, हे मी मुद्दाम पहिलं सांगतेय कारण रोज काढा, मांडा, आवरा असं करावं लागलं की सवय काही टिकत नाही. काच ५ मिमीची घ्या, ए४ कागदापेक्षा थोडी मोठी, फोटोफ्रेमची पातळ काच दाब दिला की तडकते. कापून घेतानाच कडा घासून घ्या आणि वर चारी बाजूंनी टेप लावा. खाली पांढरा कागद सरकवला की रंग नीट दिसतात. सुरू करण्याआधी काच साबणाने धुवून कोरडी पुसायची, बोटांचा तेलकटपणा राहिला तर शाई नेमकी तिथेच फाटते.

सुरुवात मोनोप्रिंटने करा, म्हणजे काचेवर रंग लावून त्यावरून कागदावर काढलेला एकुलता एक छाप. काचेवर अॅक्रेलिकचा अगदी पातळ थर रोलरने पसरवा, त्यात कापूस, काडी, जुना कंगवा, जे हाताला लागेल त्याने रेघा ओढा, वर कागद ठेवून तळहाताने मधून कडेकडे दाबत जा आणि एका कोपऱ्यापासून हळू उचला. अॅक्रेलिक काही मिनिटांत सुकतं त्यामुळे कागद आधीच कापून शेजारी हवा, आणि रंग ओढायला लागला तर पाण्याचा बारीक फवारा मारायचा, जास्त नाही, नाहीतर सगळं पसरतं. पहिला प्रिंट निघाला की लगेच काच पुसू नका!! उरलेल्या रंगाचा दुसरा, फिकट प्रिंट काढा. फ्रेंच चित्रकार एदगार देगा अशा दुसऱ्या फिकट छापावर पेस्टल चढवायचा आणि मलाही पहिल्यापेक्षा हा दुसराच जास्त आवडतो, त्यात पुढे काम करायला जागा असते.

शाईचं गणित वेगळं. पाण्याची शाई स्वच्छ काचेवर थेंब थेंब होऊन गोळा होते. ते नको असेल तर शाईत भांड्याच्या साबणाचा एखादाच थेंब टाका, किंवा काचेवर गम अरेबिकचा (पाण्यात विरघळणारा डिंक) पातळ हात मारून पूर्ण सुकू द्या, मग त्यावर शाई किंवा जलरंग छान बसतो आणि सुकल्यावर ओलसर कागद दाबला की परत उठून येतो. पण इथे वॉटरप्रूफ इंडिया इंक (दाट काळी शाई) चालणार नाही, ती एकदा सुकली की पाण्याने उठत नाही. अल्कोहोल इंक, म्हणजे पाण्याऐवजी अल्कोहोलमधली शाई, वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा मेणबत्ती नको, आणि तयार काम उन्हात लावू नका, रंग उडतात.

ती न उठणारी इंडिया इंक मात्र एका कामाला फार भारी आहे. काचेवर तिचे दोन हात मारा, उजेडासमोर धरून कुठे भोक राहिलंय का बघा, नीट सुकलं की सुईने चित्र खरवडा. मग सायनोटाइपच्या कागदावर (ऊन लागेल तिथे निळा होणारा फोटोचा कागद) ही काच शाईची बाजू खाली करून ठेवायची आणि उन्हात न्यायची. खरवडलेल्या रेघांतून ऊन आत जातं, कागद साध्या पाण्यात धुतला की पांढऱ्यावर निळ्या रेघा! कोरो हा फ्रेंच चित्रकार १८५३ पासून अशाच खरवडलेल्या काचांवरून फोटोच्या कागदावर चित्रं छापत होता. एका काचेवरून कितीही प्रिंट निघतात, आणि मधे दोन रेघा वाढवून परत छापता येतं, ही सोय मोनोप्रिंटमधे नाही.

रोज करताना एका बैठकीत एकच गोष्ट बदला. आज फक्त कागद ओला, उद्या कागद कोरडा पण रंग दाट, असं. आणि मागे पेन्सिलीने लगेच लिहून ठेवा, कुठला रंग, किती पाणी, कुठला कागद, कारण आठवड्याने काहीही आठवत नाही आणि चांगला आलेला प्रिंट परत काढता येत नाही याचा फार त्रास होतो. विषय काय घ्यावा यात वेळ घालवू नका, विषय रंग फिरवता फिरवता सुचतो.

आवरताना अॅक्रेलिक बेसिनमधे धुवू नका, पाईप तुंबतो. ओला कपडा थोडा वेळ काचेवर पसरून ठेवा मग ब्लेडच्या स्क्रेपरने थर सोलून काढा, पापुद्रे निघतात. चांगले पापुद्रे मी जपून ठेवते, पुढच्या प्रिंटवर चिकटवायला कामाला येतात, फसलेल्या प्रिंटचे तुकडेही त्याच डब्यात.