विंडोज सोडून लिनक्सवर जायचंय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. तेव्हापासून धडधाकट लॅपटॉप घेऊन बसलेल्यांचा एकच प्रश्न असतो: लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू का? टाकायला हरकत नाही. पण घोटाळे होतात ते बहुतेक वेळा लिनक्समुळे नाही, क्रम चुकल्यामुळे होतात. आधी डिस्क पुसली जाते आणि मग आठवतं, की आपल्याला या मशीनवर नेमकी कोणती कामं करायची असतात.

त्याआधी एक खात्री करून घ्या. ‘या मशीनवर विंडोज ११ चालत नाही’ असा संदेश आला की लोक लगेच मान टाकतात. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधला, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) लागतो, आणि पुष्कळ मशीनमध्ये तो असतो, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतो. इंटेलच्या बायोसमध्ये त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम. तो चालू करून मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ पुन्हा चालवा. प्रोसेसरच जुना असेल तर गोष्ट वेगळी. (बायोस उघडण्याआधी खालचा किल्लीचा भाग मात्र वाचा.)

कामांची यादी न करता ठरवून टाकणं

‘मी काय, ब्राउझर वापरतो आणि थोडं टायपिंग करतो.’ हे वाक्य लोक मनापासून बोलतात आणि ते जवळजवळ कधीच पूर्ण खरं नसतं. वर्षातून दोनदा लागणारं स्कॅनरचं सॉफ्टवेअर, कुणीतरी बनवून दिलेली मॅक्रोवाली एक्सेल फाइल, सही करायचं यूएसबी टोकन, जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रं, यातलं काहीच त्या वाक्यात येत नाही. आणि अडतं ते नेमकं इथेच.

एक कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि दोन आठवडे जे जे उघडाल ते लिहा. शेवटी सेटिंग्जमधली इन्स्टॉल केलेल्या ॲपची यादी पाहून राहिलेलं भरा. मग प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा. फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, झूम ही मंडळी लिनक्सवर आहेत तशीच मिळतात. वर्ड, आउटलुक यांना पर्याय आहेत. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, ऑटोकॅड यांची लिनक्स आवृत्तीच नाही. वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) एखादं सॉफ्टवेअर चालतंही, पण ज्या सॉफ्टवेअरवर पोट आहे ते वाइनच्या भरवशावर ठेवू नये. गेमचं म्हणाल तर स्टीम या गेमच्या दुकानातल्या प्रोटॉनमुळे (गेमसाठीचं वाइनच) बरेच चालतात. पण व्हॅलोरंटसारखे स्वतःची कडक अँटी-चीट यंत्रणा आणणारे चालत नाहीत, त्यावर उपाय शोधत बसू नका.

लिब्रेऑफिस हा वर्ड-एक्सेलचा मोफत पर्याय. पण ‘लिब्रेऑफिसमध्ये एक्सेल उघडतं’ हे अर्धसत्य आहे. साधे तक्ते, बेरजा, फिल्टर नीट उघडतात. पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटा आणून नीट लावायचं साधन) मात्र तिथे नाही, आणि व्हीबीए या एक्सेलच्या भाषेत लिहिलेले मोठे मॅक्रो कधी चालतात, कधी मधेच अडतात. तुमची सगळ्यात किचकट फाइल घ्या, तिची प्रत काढा, लिब्रेऑफिसमध्ये उघडा, चार बदल करून जतन करा आणि पुन्हा एक्सेलमध्ये उघडून बघा. रकाने, तारखा, छपाईची मांडणी तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सगळा निर्णय अनेकदा या दहा मिनिटांत होतो.

याहून चांगली सवय म्हणजे आधी सॉफ्टवेअर बदला, सिस्टिम नंतर. लिब्रेऑफिस, ईमेलसाठी थंडरबर्ड, फोटोंसाठी गिंप, फायरफॉक्स हे सगळं विंडोजवरही चालतं. ते आहे त्या विंडोजवरच टाका आणि तीन आठवडे फक्त तेच वापरा. जमलं, तर खालची सिस्टिम बदलल्याचं फारसं जाणवणारही नाही. नाही जमलं, तर काहीही न गमावता ते कळलं. हा सल्ला लोकांना कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात नवीन डेस्कटॉप दिसत नाही. पण ज्यांना तीन आठवडे थांबवत नाही, तेच चौथ्या दिवशी विंडोज परत टाकत बसलेले असतात.

किल्ली हाताशी नसताना बायोस उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप) बरेचदा आपोआप चालू होतं. त्याचं बिटलॉकर हे नाव मालकाने ऐकलेलंही नसतं.

मग प्रकार साधारण असा घडतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला जातो. कुठेतरी वाचलेलं असतं म्हणून बायोसमधलं सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं जातं. इन्स्टॉलर उघडतो, पण त्याला आतली डिस्कच दिसत नाही, कारण इंटेलच्या या मशीनमध्ये स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या खास मोडमध्ये आहे (नव्या मशीनवर हेच व्हीएमडी नावाने दिसतं). कुणीतरी सांगतं, ‘एएचसीआय कर.’ हा डिस्कचा साधा, नेहमीचा मोड. तेही केलं जातं. आता डिस्क दिसते, पण इतक्यात विचार बदलतो आणि मशीन पुन्हा विंडोजमध्ये सुरू केलं जातं. समोर निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की ज्या खात्यात जमा आहे ते खातं कुठल्या तरी जुन्या ईमेलवर काढलेलं, पासवर्ड आठवत नाही. डिस्क धडधाकट आहे, फोटो आत आहेत, आणि किल्लीशिवाय ते कुणालाही काढता येणार नाहीत, डेटा रिकव्हरीवाल्यालासुद्धा.

असं झालंच, तर सर्वांत आधी बायोसमध्ये जे जे बदललं ते होतं तसं परत करा: सिक्युअर बूट चालू, स्टोरेज मोड पूर्वीचा, बूटचा क्रम पूर्वीचा. टीपीएमला मशीन ओळखीचं वाटलं की विंडोज पुष्कळदा किल्ली न मागता उघडतं. एक पथ्य मात्र पाळायचं: ‘क्लिअर टीपीएम’ला हात लावायचा नाही.

आणि अजून काहीच केलेलं नसेल, तर हे करा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर’ बघा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहा, तिचा की-आयडीही सोबत लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. लिनक्स विंडोजच्या शेजारी बसवायचं असेल तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून डिस्कचं कुलूप पूर्ण उलगडू द्या; मोठ्या डिस्कला काही तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवा.

स्टोरेज मोड बदलायचाच असेल तर आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधल्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा. मशीन रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या. तिथे त्याला योग्य ड्रायव्हर सापडतो. मग खूण काढून पुन्हा सुरू करा. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत हवा.

लाइव्ह पेनड्राइव्हवर पाच मिनिटं फिरून ‘झकास’ म्हणणं

लाइव्ह सत्र म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवणं. ते वॉलपेपर बघायला नसतं. वायफाय जोडा, व्हिडिओ कॉल करून माइक आणि कॅमेरा तपासा, ब्लूटूथ हेडफोन लावा, दुसरा मॉनिटर जोडा, प्रिंटरवर एक पान काढा. झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन नीट जागं होतं का, यावर रोजचं सुख अवलंबून असतं. फिंगरप्रिंट रीडर चालला नाही तर तो पुढे चालेल या आशेवर राहू नका. वेग मात्र इथे जोखू नका. पेनड्राइव्हवरून चालताना सगळंच सुस्त असतं.

जुनं मशीन रेंगाळतं म्हणून लिनक्स टाकणाऱ्यांनी आधी आत एसएसडी आहे की फिरणारी हार्ड डिस्क, ते पाहावं. हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी टाकणं हाच खरा उपाय. चार जीबी रॅमवर वीस टॅब लिनक्समध्येही अडखळतील.

बाकीच्या, थोडक्यात

डाउनलोड केलेली लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करणं: मशीन त्यावरून सुरू होत नाही. रूफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहा आणि त्याआधी चेकसम (फाइल न बिघडता उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवा.

वनड्राइव्हमधल्या फाइलींवर ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल डिस्कवर नाहीच. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही तिथे वळवलेले असू शकतात. बॅकअप घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून चार फाइली उघडून पाहा.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; त्यातले आर्च किंवा काली पहिल्याच खेपेला घेणं. काली सुरक्षा तपासणीच्या कामासाठी आहे. मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या. एलटीएसला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने.

ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) करताना विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू ठेवणं. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा तेवढा भाग) बऱ्याचदा फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं तेही विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून. दोन डिस्क असतील तर इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क सरळ काढून ठेवा.

सिक्युअर बूट सरसकट बंद करणं. उबुंटू, मिंट, फेडोरा ते चालू असतानाही सुरू होतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकल्यावर मात्र पुढच्या रीस्टार्टला बऱ्याचदा निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. घाईत लोक पुढे जातात आणि नंतर ड्रायव्हर लोडच होत नाही म्हणून वैतागतात. तिथे एखादी कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा.

परतीची वाट न ठेवता ‘इरेज डिस्क’ दाबणं. त्यात कंपनीने दिलेलं रिकव्हरी पार्टिशनही पुसलं जातं. आधी निदान १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवा. डिजिटल परवाना मशीनशी बांधलेला असतो, म्हणून त्याच मशीनवर तीच एडिशन परत टाकली तर ती इंटरनेटला जोडल्यावर सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते.