बोटीवरचे काळे ओघळ जात नाहीत? या चुका टाळा

बोट धुऊन लख्ख करावी आणि एका रिमझिमीत बाजूंवर पुन्हा काळे ओघळ उतरावेत, हा अनुभव बहुतेक बोटमालकांना असतो. मग आणखी कडक क्लीनर आणायचा, आणखी जोर लावून घासायचं. इथेच मुख्य चूक होते. ओघळ दिसतो हलवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगावर, पण घाण असते वर डेकवर. धूळ, काजळी, पक्ष्यांची विष्ठा तिथे साचते. दव किंवा हलका पाऊस ती घेऊन ठरलेल्या वाटेने खाली येतो आणि पाणी वाळलं की रेघ उरते. (धो धो पाऊस त्या मानाने बरा, तो बरंच काही धुऊन नेतो.) डेक तसाच ठेवून बाजू घासत बसणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं.

म्हणून आधी डेक धुवा, मग बाजू. बाजूंना साबण लावताना खालून वर जा, कारण कोरड्या पृष्ठभागावर ओघळलेलं साबणाचं पाणी स्वतःच डाग सोडतं. शेवटचं पाणी मात्र वरून खाली. आणि हे काम तापलेल्या हलवर, भर उन्हात करू नका.

आता प्रत्येक रेघ बोटाने वर वर शोधत जा. ती स्कपरपाशी, म्हणजे डेकवरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकापाशी संपली, तर पाण्याची वाटच बदला: भोकाखाली छोटी पन्हळ बसवली की पाणी हलला न चिकटता बाहेर पडतं. खर्चाच्या मानाने याच्याइतका चांगला उपाय मला दुसरा दिसत नाही. रेघ खिडकीच्या कोपऱ्यातून येत असेल, तर जुनं रबर किंवा सिलिकॉन तपासा. उन्हाने खराब झालेलं रबर काळं सुटतं. सिलिकॉनमधला तेलकट अंश आजूबाजूला पसरतो आणि त्यावर धूळ चिकटते. कितीही पुसा, डाग परत येतो. तिथे सीलंटच बदलावं लागतं. खिडकी ॲक्रिलिकची असेल तर पॉलिसल्फाइड सीलंट वापरू नका, ते प्लॅस्टिक खराब करतं.

तपकिरी ओघळ वेगळे. तो गंज असतो आणि त्यावर ब्लीचचा उपयोग नाही. ऑक्झॅलिक ॲसिड असलेला क्लीनर हातमोजे आणि चष्मा घालून लावा, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. रेलिंगच्या बुडाशी गंज पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर सफाई थांबवून आतला बोल्ट तपासा. स्टेनलेस स्टीलही हवा न पोहोचणाऱ्या ओल्या फटीत गंजतं, आणि त्या रेलिंगवर कुणीतरी भार टाकणार असतं.

डाग दिसताच कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) उचलणं ही आणखी एक सवय. जेलकोट, म्हणजे फायबरग्लासच्या बोटीवरचा बाहेरचा चकचकीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर. प्रत्येक घासणीत तो थोडा कमी होतो. पांढरा मेलामाइन स्पंज हाताला मऊ लागतो, पण तोही बारीक घासणाराच, आणि वॅक्स काढून टाकणारा. आधी बोटीचा सौम्य साबण, मग ओघळांसाठीचा क्लीनर, आणि कंपाउंड अगदी शेवटी. हल रंगवलेला असेल तर कंपाउंड नकोच.

जेलकोट उन्हाने निस्तेज झाला की तो सच्छिद्र होतो आणि घाण आत मुरते. म्हणून डाग काढल्यावर त्याच दिवशी वॅक्स लावा. भांड्यांच्या साबणाने दरवेळी बोट धुतली तर तेही हळूहळू उतरतं. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले की वॅक्स संपलं समजा. पूर्ण बोटीला वेळ नसेल तर निदान स्कपर आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांखालच्या पट्ट्यांवर हात फिरवा. चालायच्या डेकला मात्र लावू नका, ओल्या वॅक्सवर पाय घसरतो.