६१७४ हा आकडा कागदावर कसा उलगडायचा

६१७४ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो वजाबाकीची जादू म्हणून, आणि बहुतेकजण तिथेच थांबतात. खरी मजा पुढे आहे, आणि तिला कागद, पेन आणि शाळेतलं गणित पुरतं. (ज्यांनी हा १९४९ मध्ये शोधला ते द. रा. कापरेकर मूळचे डहाणूचे, देवळालीला शाळामास्तर होते.)

आधी वजाबाकी उरकून टाका. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे, आणि मोठीतून लहान वजा करा, उत्तराचं परत तेच. २०२५ घेऊ:

५२२०−०२२५=४९९५
९९५४−४५९९=५३५५
५५५३−३५५५=१९९८
९९८१−१८९९=८०८२
८८२०−०२८८=८५३२
८५३२−२३५८=६१७४

सातपेक्षा जास्त वेळा कधीच करावं लागत नाही, आणि एकदा ६१७४ आला की ७६४१−१४६७ परत ६१७४च. एक सांभाळा, मधे ९९९ आलं तर ०९९९ लिहायचं, तो शून्य गाळला की ९९९ मधून ९९९ जाऊन हातात भोपळा येतो आणि मग लोक म्हणतात हे फेक आहे.

आता हे होतं कसं? उतरत्या क्रमाचे अंक अ, ब, क, ड धरा, तर वजाबाकी येते ९९९×(अ−ड) + ९०×(ब−क). म्हणजे फक्त दोन फरक कामाचे, आणि त्यांच्या जोड्या मोजल्या तर अवघ्या ५४! सुरुवातीला ९,९९० संख्या होत्या (०००१ सारख्या धरून), त्या पहिल्याच फटक्यात ५४ उत्तरांवर आल्या, आणि ५४ तर रविवारी दुपारी बसून हाताने तपासून होतात.

मग ६१७४ चे अवयव पाडा. सम आहे म्हणून २ ने भागा, ३०८७. ३ ने दोनदा, १०२९ आणि ३४३. आणि ३४३ म्हणजे ७×७×७. थोडक्यात २ एकदा, ३ दोनदा, ७ तीनदा, काय शिस्त आहे बघा. विभाजक किती ते काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं, २×३×४ = २४.

पुढे अंकांची बेरीज, ६+१+७+४=१८. ६१७४ ला १८ ने पूर्ण भाग जातो, आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांनीच दिलेलं. पण मला सगळ्यात आवडतं ते हे: १८, त्याचा वर्ग ३२४ आणि घन ५८३२, तिन्हींची बेरीज करा. ६१७४!

शेवटी, ६१७४ पर्यंतच्या किती संख्यांचा त्याच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही ते काढा. २ ने भाग जाणाऱ्या वगळल्या की १/२ उरतात, त्यातून ३ च्या वगळल्या की २/३, ७ च्या वगळल्या की ६/७, म्हणून ६१७४ × १/२ × २/३ × ६/७ = १७६४. हा ४२ चा वर्ग, आणि अंक तेच चार, फक्त जागा बदललेल्या. यामागे काही कारण आहे असं मला वाटत नाही, निव्वळ योगायोग, पण झकास योगायोग.

तीन अंकांवर हीच वजाबाकी केली तर ४९५ वर थांबते. दोन अंकांवर मात्र थांबतच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं फिरत राहतं.