‘शेअर करा’ न म्हणता शेअर होणारा व्हिडिओ कसा करावा

फोन उभा धरा, लेन्स पुसून घ्या, दारासमोर उजेडात बसा. शूटिंगबद्दल माझ्याकडं सांगायला एवढंच आहे. रिंग लाईट, माईक, महागडी ॲप यांच्या याद्या नेटवर ढिगानं पडल्यात, त्यांच्या नादी लागून पैसे घालवू नका. वसमत, परभणी, नांदेड भागातल्या बचत गटांसाठी आणि छोट्या दुकानदारांसाठी मी असे व्हिडिओ करते. उजेड कमी होता म्हणून एखादा व्हिडिओ फसला, असं मी अजून पाहिलेलं नाही. फसतो तो एकाच कारणानं: कुणाला तो पुढं पाठवावासाच वाटत नाही.

आधी ठरवा: कोण पाठवणार, कुणाला आणि कशापायी

मलाही सगळ्यात जास्त वेळ हाच टप्पा समजायला लागला, म्हणून इथं थांबून सांगते.

समजा, वसमतचा एक बचत गट हळद पावडर विकतो. बायका कष्टाळू, माल चोख. व्हिडिओ काय करायचा विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पाकीट गोल फिरवायचं, खाली ‘शुद्ध, घरगुती, भेसळमुक्त’, शेवटी ‘आजच संपर्क साधा’. हा व्हिडिओ कोण पुढं पाठवेल? गटातल्या बायकांचे नवरे, आणि फार तर एखादा भिडस्त मेव्हणा. तिसऱ्या माणसाला तुमच्या पाकिटाशी काही देणंघेणं नाही. लोक तुमचा माल फॉरवर्ड करत नाहीत. आपल्या माणसाच्या उपयोगी पडेल किंवा त्याला हसू येईल, असंच ते फॉरवर्ड करतात. तुमचा माल त्या मागोमाग जातो.

म्हणून कॅमेरा हातात घ्यायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘परभणीची सून पुण्यातल्या नणंदेला हा व्हिडिओ पाठवेल, कारण...’ आणि ते वाक्य पुरं करा. कारणात तुमच्या ब्रँडचं नाव आलं, तर कागद फाडा. ‘कारण आमची हळद चांगली आहे’ हे तुमचं कारण झालं, सुनेचं नव्हे. कारण सुचत नसेल तर त्या दिवशी शूटिंग करू नका. रोज एक व्हिडिओ टाकलाच पाहिजे असं शिकवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते गावाकडच्या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं केलंय. रोज टाकणाऱ्याचं स्टेटस लोक गपचूप म्यूट करतात.

आता हळदीचं पुरं झालेलं वाक्य बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, वरून चमचाभर हळद सोडायची आणि न ढवळता थांबायचं. चांगली हळद तळाला बसते आणि पाण्याला फिकट पिवळेपणा येतो. कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, हीच साधी चाचणी घरी करायला सांगतं. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले की वीस सेकंदांत काम होतं. आता सून नणंदेला लिहील, ‘ताई, तुम्ही कोणती हळद वापरायलात? हे करून बघा.’ तिला पाठवायला कारण मिळालं, नणंदेला करून बघायला काम मिळालं, आणि ग्लासामागं तुमचं पाकीट नुसतं उभं आहे. पण दुसऱ्या ग्लासापाशी कुणा दुसऱ्या कंपनीचं पाकीट ठेवू नका, भांडण आणि नोटीस दोन्ही घरी येतील. आणि ही चाचणी रंगापुरतीच आहे हेही सांगून टाका. ‘सगळी भेसळ ओळखा’ असं लिहिलंत तर कुणीतरी जाणकार खाली येऊन तुमची जिरवेल.

पैठणीवाल्यांनाही मी हेच सांगते. मॉडेल उभी करू नका, साडी उलटी करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, लोंबते किंवा कापलेले धागे दिसत नाहीत. लगीनसराईत हा व्हिडिओ मावशी, काकू, करवल्या आपसात पाठवतातच, कारण बस्त्याला निघालेल्या बाईला तो त्याच दिवशी हवा असतो.

हसवणारे व्हिडिओही चालतात, फक्त भाषा आपली ठेवा. ‘काय करायलास?’ असं बोलणारा माणूस कॅमेरा सुरू होताच ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणू लागतो आणि मजा तिथंच संपते. गावाकडून पुण्याला परत निघालेल्या पोराला ऑफिसातले सगळे फोन करून ‘येताना कुंथलगिरीचा पेढा आण’ म्हणतात आणि शेवटी त्याच्या बॅगेत कपड्यांना जागाच उरत नाही, एवढी गोष्ट पेढेवाल्याला पुरते. मराठवाड्यातली पुष्कळ पोरं कामाला बाहेर आहेत, त्यांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ कुणी न सांगता पोचतो.

इथं एक इशारा. हळदीनं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो, असले व्हिडिओ सगळ्यात जास्त पळतात, म्हणूनच मोह होतो. करू नका. अन्नसुरक्षा कायदा २००६ नुसार खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो दंड फॉरवर्ड करणाऱ्या काकूंना नाही, तुम्हाला होईल. जात, पुढारी आणि आरक्षण हे विषयही दुकानाच्या नावानं कधी छेडू नका. व्हिडिओ चालतो, गिऱ्हाईक अर्धं होतं.

कापाकापी

पहिल्या दोन-तीन सेकंदांत हळद पाण्यात पडलीच पाहिजे. सुरुवातीला लोगो, शंखनाद, उगवता सूर्य काही नको. लांबी अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा. खूप लोक आवाज बंद करून बघतात, म्हणून मुख्य वाक्य पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा.

नाव, गाव आणि फोन नंबर व्हिडिओच्या आतच हवा. खालचा मजकूर फॉरवर्ड करताना गळून जाऊ शकतो, मग व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रात फिरतो आणि हळद कुणाची हे कुणालाच कळत नाही. नंबर अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला टाकू नका, रील्समध्ये तिथं बटणं आणि मजकूर येतो.

इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला बहुतेक गाजलेली गाणी वापरता येत नाहीत, त्यामुळं गाण्याच्या मागं लागू नका. पॉलिशच्या ढोलात हळकुंडं खडखडतात तो आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा सरस आहे.

सोडायचं कसं

व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासच टिकतं. शेतातली, घरातली कामं उरकून लोक फोन हातात घेतात तेव्हा, म्हणजे रात्री जेवणानंतर ठेवा. शिवाय दहा-पंधरा जुन्या गिऱ्हाइकांना एकेकट्यानं पाठवा, नाव घेऊन, दोन शब्द लिहून. गावच्या आणि भावकीच्या ग्रुपवर स्वतः टाकू नका. दुसऱ्यानं टाकला तर ती शिफारस असते, तुम्ही टाकला तर जाहिरात.

लाईक मोजत बसू नका. इन्स्टाग्रामवर किती जणांनी पुढं पाठवला तो आकडा बघा. व्हॉट्सॲप असा आकडा देत नाही, पण एक खूण देतं: मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त चॅट ओलांडून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो. आपलाच व्हिडिओ दुहेरी बाण घेऊन अनोळखी ग्रुपमधून परत आला, तर समजा कागदावरचं वाक्य बरोबर होतं. मात्र तिथून पुढं त्याचा वेग मंदावतो, कारण असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तेव्हा नवीन व्हिडिओच्या तयारीला लागा, जुनाच पुन्हा पुन्हा लोटू नका.

मग ‘भाव काय?’ सुरू होतं. ‘इनबॉक्स बघा’ असं उत्तर देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. पाव किलोचा, अर्ध्या किलोचा, किलोचा भाव आणि कुरिअरचा खर्च उघड लिहा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग फुकट करता येतो, तो आदल्या दिवशीच भरून ठेवा. आणि पहिल्या दोन-तीन तासांत उत्तरं द्यायला घरातलं एक माणूस नेमा. व्हिडिओ टाकून सगळ्यांनी मिळून लग्नाला जाऊ नका.