सड्यावरच्या वनस्पतींचा नकाशा: रेघ कुठे ओढायची?

कोकणातल्या सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचा, वनस्पती-नकाशा करायचा म्हटलं की लोक आधी उपग्रहाचं चित्र उघडतात आणि तिथेच थांबतात. ढग नसलेली चित्रं मिळतात ती बहुतेक पावसाळा सरल्यानंतरची, कोरड्या दिवसांतली. तेव्हा जांभा काळा पडलेला असतो, गवत वाळलेलं किंवा वणव्यात गेलेलं. सडा जिवंत असतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये वर ढगांचं छप्पर. त्यामुळे घरबसल्या केलेला नकाशा सड्याला ओसाड ठरवतो. सातबाऱ्यावर तो बहुतेकदा पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला असतो. मग चिरेखाणीचा किंवा सुरुंग लावून केलेल्या आंब्याच्या बागेचा विषय ग्रामसभेत आला की दाखवायला कागद नसतो. तो कागद तयार करायचा असेल तर पावसात चालावं लागतं, त्याला दुसरा मार्ग नाही.

परवानगी आधी घ्या. कोकणातले बरेचसे सडे खाजगी मालकीचे असतात आणि एकेका सातबाऱ्यावर खूप नावं असतात, म्हणून वाडीतल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. गट नंबरांचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चढवून ठेवा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

फेऱ्या किमान चार हव्यात. पहिली पाऊस लागल्या लागल्या, तेव्हा दिपकाडीसारखे कंद फुलतात आणि लगेच दिसेनासे होतात. दुसरी ऑगस्टच्या मध्यावर, गेंद आणि सीतेची आसवं या इवल्या फुलझाडांसाठी. तिसरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कारण गवतं तुऱ्यावर आल्याशिवाय ओळखता येत नाहीत. चौथी एप्रिल-मेमध्ये, पाणी कुठे शेवटपर्यंत टिकतं आणि झुडपांची बेटं कुठे आहेत ते पाहायला. एकाच फेरीत काम उरकू असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता खरा अवघड टप्पा: एक वनस्पती-समूह कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो. मी इथेच सर्वांत जास्त अडकले होते, कारण सगळे सांगतात की फुलांच्या रंगावरून पट्टे पाडा. हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. ऑगस्टमध्ये जांभळा दिसणारा भाग सप्टेंबरात पिवळा होतो. रंगावरून आखलेली रेघ ही फक्त त्या पंधरवड्याची रेघ. तिच्यावर जमिनीचं नियोजन करता येत नाही.

रेघ ठरवतात दोन गोष्टी: मातीची खोली आणि पाणी किती दिवस थांबतं ते. त्यासाठी एक पातळ लोखंडी सळई घ्या आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. सड्याच्या उंच भागापासून कड्याकडे, पाणी वाहतं त्या दिशेने चालत जा. दर दहा पावलांवर सळई टोचा, खोली लिहा, पायाखाली सर्वांत जास्त काय आहे ते लिहा, पाणी साचलंय की वाहतंय ते लिहा. माझा ठोकताळा असा: दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत शेवाळं, सीतेची आसवं, दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती; त्याहून जास्त, वीतभरापेक्षा कमी मातीत गेंद आणि डिमेरियासारखी बुटकी गवतं, त्यापुढे उंच गवत, आणि भेगांमध्ये माती धरली असेल तिथे अंजनी, करवंद, कुडा. प्रत्येक सड्यावर हे आकडे थोडे सरकतात, म्हणून आपल्या सड्याचे आकडे आपणच काढा.

खोली आणि मुख्य वनस्पती दोन्ही एकदम बदलल्या की तिथे हद्द. फक्त फुलं बदलली आणि खोली तीच राहिली, तर हद्द नाही. दोन्ही हळूहळू बदलत असतील तर तुटक रेघ ओढा. नकाशा नेटका दिसावा म्हणून तिथे पक्की रेघ ठोकू नका. आणि रेघ जागेवर उभं राहूनच काढा. घरी आल्यावर डोळ्यांसमोर राहतो तो रंगच.

दुसरी अडचण मापाची. १:५००० च्या नकाशावर कागदावरचे पाच मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. याहून लहान तुकडा नीट काढता येत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपकाच १० मीटरचा. सड्यावरची डबकी मात्र अनेकदा परातीएवढी असतात. अशा ठिकाणी मिश्र पट्टा आखा आणि त्याचे भाग टक्क्यांत लिहा: उघडा कातळ ४०, बुटकं गवत ५०, डबकी १०. डबक्यांना याशिवाय स्वतंत्र बिंदू द्या. डबकी गवताळ पट्ट्यात विरघळवून टाकणं हा या कामातला सर्वांत महाग आळस आहे, कारण तिथल्या बऱ्याच वनस्पती आजूबाजूच्या गवतात सापडत नाहीत.

प्रत्येक समूहात एक मीटर बाय एक मीटरच्या काही चौकटी टाका आणि कोणत्या वनस्पतीने किती जागा झाकली आहे ते लिहा. झुडपांच्या बेटांना दहा बाय दहा. ओळख पटली नाही तर फोटो आणि खुणेचं नाव चालेल, अंदाजाचं नाव नको.

रानमोडीचं तण, मुरुमाचा भराव, जुनी खाण हे वेगळ्या रंगात दाखवा. कातळशिल्पं असतील तर त्यांच्यावरून चालू नका. त्यांची जागा नोंदवा.

मोकळा कातळ पाहून 'इथे झाडं लावा' असं नकाशाखाली लिहू नका. बाहेरून माती आणून रोपं लावली की पातळ मातीवर जगणारा समूह त्या मातीखाली जातो. शिफारस करायचीच तर भराव नको, पाण्याचा नैसर्गिक उतार तोडू नये आणि गुरं चारण्याची जुनी रीत विचारल्याशिवाय बंद करू नये, एवढी करा.

शेवटी प्रत्येक गट नंबरसमोर कोणता समूह किती क्षेत्रात आहे याचा तक्ता बनवा. तलाठ्यापासून ग्रामसभेपर्यंत सगळे गट नंबरानेच बोलतात. हा तक्ता लोकजैवविविधता नोंदवहीला जोडता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्याकडे तो लेखी देऊन पोच घ्या. दुर्मीळ कंद आणि ऑर्किडच्या नेमक्या जागा मात्र वेगळ्या प्रतीत ठेवा; सार्वजनिक नकाशात तिथे फक्त गट नंबर दाखवा, बिंदू नाही.