पेशीय आणि रेण्वीय शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. : मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा कशी निवडावी

या विषयात पीएच.डी. करण्याचे ठरवल्यावर विद्यार्थी बहुधा प्राध्यापकांच्या संशोधनविषयांची यादी वाचतात आणि 'मधुमेह', 'हृदयाची लय', 'मूत्रपिंड' यांपैकी जो शब्द भावेल त्यावर बोट ठेवतात. ही सुरुवात चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण त्या शब्दावरून आपण पुढची काही वर्षे रोज नेमके काय मोजणार आहोत, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध घ्यावेत, प्रस्तावना तूर्त बाजूला ठेवावी आणि आलेखांच्या उभ्या अक्षावर काय लिहिले आहे ते आधी पाहावे. तिथे पिकोअँपिअरमधील विद्युतप्रवाह आहे, कॅल्शियमला चिकटून चमकणाऱ्या रंजकाचा प्रकाश आहे, की प्रथिनाचे प्रमाण आहे, यावर तुमचा दिवस कसा जाणार हे ठरते.

पॅच-क्लॅम्पचे, म्हणजे पेशीपटलाला काचेची नळी चिकटवून त्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीचेच उदाहरण घेऊ. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी 1976 मध्ये बेडकाच्या स्नायुतंतूवर काचेची बारीक नळी टेकवून एकेका आयन-वाहिनीतून (पेशीपटलातील, विद्युतभारित कण जाऊ देणाऱ्या प्रथिनाच्या छिद्रातून) वाहणारा प्रवाह नोंदवला. पुढे काच आणि पेशीपटल यांच्यातील जोड गिगाओहम इतक्या रोधाचा करता आला, तेव्हा नोंदीतील विद्युत गोंगाट खूपच कमी झाला आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. 1991 चे नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळाले. तरीही शिकणाऱ्याच्या वाट्याला आजही तोच जोड पुन्हा पुन्हा तुटण्याचा अनुभव येतो. पहिले काही महिने हाती वापरण्याजोगी नोंद न येणे हे अपयश मानू नये. मात्र त्या काळात शेजारी बसून नळीचा रोध, द्रावणांची परासरणता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) आणि श्रेणी-रोधाची (नळी व पेशी यांच्या मार्गात येणाऱ्या जादा रोधाची) भरपाई तपासून देणारे कोणी नसेल, तर ते महिने वाया जातात. म्हणून प्राध्यापकांना भेटल्यावर पहिला प्रश्न 'मला यंत्रावर कोण शिकवील?' हा असावा. उत्तरात एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याचे नाव आले, तर ती व्यक्ती प्रबंध संपवून कधी जाणार आहे, हेही संकोच न करता विचारावे.

विभागात रोटेशनची, म्हणजे काही आठवडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करून पाहण्याची सोय असेल, तर त्या काळात निष्कर्षामागे धावू नये. प्रयोग फसल्यावर तिथली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, साप्ताहिक बैठकीत न जुळणारी नोंद दाखवता येते की झाकावी लागते, हे पाहावे. अनपेक्षित गोष्टीला जागा देणारी प्रयोगशाळा या शास्त्रात विशेष मोलाची असते. पीटर ॲग्रे रक्तातील, रक्तगटाशी संबंधित आर्‌एच प्रथिन शुद्ध करत असताना सोबत एक 28 किलोडाल्टनचे परके प्रथिन सतत येत राहिले. ते बेडकाच्या अंडपेशीत तयार करवून विरल द्रावणात ठेवल्यावर त्या अंडपेशी फुगून फुटल्या, आणि 1992 मध्ये पाण्याची वाहिनी सिद्ध झाली. अशुद्धी म्हणून ते प्रथिन टाकून दिले असते, तर तो शोध त्यांच्या हातून निसटला असता.

प्रश्न ठरवताना रेणू आणि शरीरक्रिया यांमधील दुवा सुटू देऊ नये. पेशीबाहेर कॅल्शियम एक ते दोन मिलिमोलर असते, तर आत विश्रांतीच्या वेळी सुमारे 100 नॅनोमोलर, म्हणजे जवळपास दहा हजार पटींचा फरक. एखादे उत्परिवर्तन वाहिनीचा प्रवाह निम्मा करते, एवढे दाखवून रेण्वीय भाग पुरा होतो. पण त्यामुळे कॅल्शियमच्या या आत-बाहेरील फरकावर, त्या पेशीच्या आकुंचनावर किंवा स्रावावर काय परिणाम होतो, हे दाखवल्याशिवाय त्याला शरीरक्रियाशास्त्र म्हणणे मला पटत नाही. त्यासाठी प्रबंधात निदान दोन भिन्न मोजमापे असावीत, आणि दुसरे आपल्या प्रयोगशाळेत होत नसेल, तर ते करणाऱ्या प्राध्यापकाला सुरुवातीलाच सल्लागार समितीत घ्यावे.

समितीपुढे जाण्याआधी 'n' (नमुन्यातील स्वतंत्र एककांची संख्या) म्हणजे काय, हे लेखी ठरवून घ्यावे. तीन प्राण्यांकडून प्रत्येकी दहा पेशी घेतल्या, म्हणून प्राण्यांवरील उपचाराची तुलना करताना नमुना तीसचा होत नाही. एकाच प्राण्याच्या पेशी परस्परांशी मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे संख्याशास्त्रीय दृष्टीने तिथे स्वतंत्र एकके तीनच राहतात. ही चूक प्रबंध लिहिताना उघड झाली, तर अनेक महिन्यांचे प्रयोग पुन्हा करावे लागतात. पेशी कोणत्या प्राण्याची, कोणत्या दिवशी घेतली आणि नोंद कोणत्या निकषावर वगळली, हे प्रयोगवहीत त्याच दिवशी लिहावे. वगळण्याचे निकष मात्र पहिल्या नोंदीच्या आधीच ठरवून त्यांवर मार्गदर्शकांची सही घ्यावी.